फिरती पेटी : जुन्या स्पीकरांच्या सुरक्षित प्रवासाची गोष्ट

इंग्लंडमधल्या हंटिंग्डन गावी पीटर वॉकर यांच्या अकॉस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने 1957 साली ‘क्वाड’चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला. त्यात कागदी कोन नव्हता, चुंबक नव्हते, लाकडी खोकाही नव्हता. घरातल्या विजेच्या हीटरसारखे दिसणारे, किंचित वळलेल्या धातूच्या जाळीचे ते यंत्र माणसाचा आवाज आणि व्हायोलिन इतक्या स्वच्छपणे ऐकवी, की आजही अनेक जाणकार नव्या स्पीकरची पारख त्याच्याशी तुलना करून करतात. 1985 पर्यंत त्याचे उत्पादन चालले आणि सुमारे 54 हजार नग विकले गेले. आता ते जगभर विखुरलेले आहेत. विकणारा एका देशात, घेणारा दुसऱ्या देशात आणि दुरुस्त करणारा कारागीर तिसऱ्याच देशात, असे नेहमी घडते. त्यामुळे या स्पीकरांचे पुढचे आयुष्य जितके कारागिरांच्या हातात आहे तितकेच वाहतुकीच्याही हातात आहे. या अडचणीवर हौशी मंडळींनी काढलेला एक तोडगा म्हणजे एका विशिष्ट मॉडेलसाठी नीट बांधलेली, अनेकांनी मिळून वापरायची आणि एकाकडून दुसऱ्याकडे फिरणारी पेटी. बहुतेकांना ती काटकसरीची युक्ती वाटते. मला तिचे महत्त्व त्याहून मोठे वाटते. ती सामाईक आहे, म्हणूनच ती सुरक्षित होत जाते.

हे पटण्यासाठी आधी प्रवासात नेमके काय मोडते ते पाहिले पाहिजे. क्वाडच्या आत तीन उभे पॅनल असतात. दोन्ही बाजूंना खर्जाचे आणि मधे तार स्वरांचे. प्रत्येक पॅनलमध्ये, छिद्रे असलेल्या दोन ताठ तक्त्यांच्या मधोमध, केसाहून कितीतरी पातळ प्लास्टिकचा पडदा ताणून बसवलेला असतो. खर्जाच्या पडद्याला सुमारे 6 हजार व्होल्ट आणि तार स्वरांच्या पडद्याला सुमारे दीड हजार व्होल्ट दाब दिलेला असतो. धूळ आत जाऊ नये म्हणून बाहेरून आणखी एक पातळ आवरण ताणलेले असते. अशा रचनेत पडदा जागचा हलला, आवरण फाटले किंवा पुढची जाळी कोणाच्या कोपराने आत दबली, तर वरून फारसे काही दिसत नाही. पण वीज जोडली की आत ठिणग्या उडतात आणि पॅनल जळते. स्पीकरचे वजन जेमतेम 16 किलो, पण त्यातला ट्रान्सफॉर्मरचा भार खाली एकवटलेला. म्हणजे नाजूक भाग वर, जड भाग खाली आणि दोन्ही एकाच चौकटीला बांधलेले. आडवे ठेवून आपटले, तर त्या चौकटीला पीळ बसतो.

कोनाच्या मोठ्या स्पीकरांची दुखणी वेगळी असतात. टॅनॉयचा 15 इंची ड्युअल कॉन्सेन्ट्रिक घ्या किंवा 1945 पासून चित्रपटगृहांत गाजलेले अल्टेक लॅन्सिंगचे ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ घ्या. अशा स्पीकरमध्ये कित्येक किलोंचा चुंबक पुढच्या फळीवर चार-आठ स्क्रूंच्या आधाराने लोंबकळत असतो. खोका जमिनीवर आदळून थांबतो, पण चुंबक पुढे जायला बघतो. मग स्क्रू लाकडातून उपटतात किंवा धातूची चौकट वाकते. फेराइट चुंबक पुष्कळदा डिंकाने चिकटवलेला असतो. धक्क्याने तो डिंक सुटला, तर चुंबक एखाद्या मिलिमीटरने सरकतो, आणि ज्या फटीत कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, हलायची ती फटच बंद होते. कोन बोटाने दाबला की खरखर ऐकू येते, ती याचमुळे. बाहेरच्या लाकडावर ओरखडाही नसतो. विकणारा म्हणतो, माल चांगला होता. वाहतूकवाला म्हणतो, खोका शाबूत आहे. आणि नुकसान घेणाऱ्याच्या गळ्यात पडते.

याला लोकांचा नेहमीचा उपाय म्हणजे खोका मोठा घ्यायचा आणि त्यात बबल रॅप, थर्माकोल, जुनी वर्तमानपत्रे ठासून भरायची. भरपूर भरले की सुरक्षित, हा समजच मुळात चुकीचा आहे. पडणाऱ्या वस्तूला किती धक्का बसतो, हे ती किती उंचीवरून पडली आणि किती अंतरात थांबली यावर ठरते. 76 सेंटीमीटरवरून पडलेली वस्तू अडीच सेंटीमीटरमध्ये थांबली, तर तिला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 30 पट जोर सोसावा लागतो, आणि त्या क्षणातला कमाल जोर याहूनही जास्त असतो. म्हणून गादीने दबले पाहिजे, सावकाश दबले पाहिजे आणि पूर्ण दबून तळाला टेकता कामा नये. थर्माकोल एकदा चेपला की चेपलेलाच राहतो. दुसऱ्या धक्क्याला तिथे पोकळी उरते आणि वस्तू आत खुळखुळू लागते. उलट, फोम गरजेपेक्षा जास्त जागेवर पसरला, तर तो दबतच नाही. क्वाडचा तळ सुमारे 88 सेंटीमीटर लांब आणि 27 सेंटीमीटर रुंद आहे. 16 किलो वजन या सगळ्या तळावर वाटले, तर दर चौरस सेंटीमीटरला 7 ग्रॅमसुद्धा येत नाही. इतक्या हलक्या भाराखाली पॅकिंगचा पॉलिएथिलीन फोम लाकडासारखा वागतो. त्यासाठी तळाच्या थोड्याच भागाखाली, चौकटीच्या भक्कम जागी, जाड पट्ट्या द्याव्या लागतात. कमी फोमने जास्त संरक्षण मिळते, हे आयुष्यात एकदाच स्पीकर पाठवणाऱ्या माणसाला सुचणे कठीण.

वजनाच्या बाबतीतही असाच समज उलटा पडतो. हलका खोका सुरक्षित वाटतो, पण हलकाच खोका फेकला जातो. पॅकेजिंगच्या चाचण्या ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था ‘इस्टा’ हे गृहीतच धरते. तिच्या प्राथमिक चाचणीत साडेनऊ किलोंपर्यंतचे पार्सल 76 सेंटीमीटरवरून पाडून बघतात, तर 45 ते 68 किलोंचे फक्त 20 सेंटीमीटरवरून. कारण उघड आहे. एका माणसाला उचलता येते ते हातातून निसटते किंवा पट्ट्यावर टाकले जाते. दोघांना उचलावे लागते ते खाली टेकवले जाते. आणि जे उचलताच येत नाही ते पॅलेटवर चढते व फोर्कलिफ्टने हलते. म्हणून जोडीतले दोन्ही स्पीकर एकाच पेटीत, खाली जाड लाकडी धावा ठोकून, मुद्दाम जड केलेल्या स्वरूपात पाठवणे शहाणपणाचे. धावांमुळे फोर्कलिफ्टचे दाते पेटीखाली सहज जातात आणि पेटी आडवी करण्याचा मोह कोणालाच होत नाही.

चांगली फिरती पेटी जवळून पाहिली, तर हे सगळे विचार तिच्या अंगावर दिसतात. बाजू 12 मिलिमीटर प्लायवूडच्या, कडांना आतून पट्ट्या. झाकण खिळ्यांनी बंद होत नाही, कारण हातोड्याचा प्रत्येक घाव आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. लाकडी स्क्रूही चालत नाहीत. चार-पाचदा उघडझाप केली की त्यांची भोके सैल होतात. त्याऐवजी प्लायमध्ये लोखंडी आटे बसवलेले असतात आणि वॉशर घातलेले बोल्ट एकाच पान्याने सुटतात. आत स्पीकरचे पाय काढून तो उभाच बसतो, त्याचा भार तळाच्या चौकटीवर आणि बाजूच्या लाकडी पाखांवर येतो. जाळीच्या समोर मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते. तिला फोमचा तुकडाही शिवत नाही. दोन स्पीकरांच्या मधे एक स्वतंत्र फळी असते. समुद्रमार्गे जायचे असेल, तर स्पीकरला प्लास्टिकचे बंद आवरण घालून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात. बाहेरच्या बाजूला धक्का दाखवणारी चिकटपट्टी असते. तिच्यातली काचेची बारीक नळी ठरावीक जोराच्या वर हादरा बसला की लाल होते, आणि पुन्हा पांढरी करता येत नाही.

यातली कुठलीही गोष्ट एखाद्या माणसाने एकदाच्या पाठवणीसाठी करावी अशी अपेक्षा नाही. आटे, पट्ट्या, मोजून कापलेला फोम यांचा खर्च आणि वेळ एका फेरीत वसूल होत नाही. तो दहा-वीस फेऱ्यांत विभागला, तरच परवडतो. म्हणजे पेटी सामाईक असल्यामुळेच ती उत्तम बांधता येते. पण पैशांहून मोठे कारण पुढे आहे. एकदा वापरून फेकलेला खोका फुटला, तर का फुटला हे कोणालाच कळत नाही. पुढचा माणूस तीच चूक नव्याने करतो. फिरती पेटी परत येते तेव्हा तिच्यावरच्या खुणा वाचता येतात. अमुक कोपरा दोनदा चेपला आहे, तळाची एक पट्टी कायमची बसली आहे, मधल्या फळीला घासल्याची पांढरी रेघ आहे. मग कोपऱ्याला लोखंडी पट्टी लागते, फोम बदलतो, फळी अर्ध्या सेंटीमीटरने सरकते. आतल्या बाजूला चिकटवलेल्या सूचनांच्या कागदावर आणखी एक ओळ वाढते. युरोपातल्या संग्रहालयांसाठी चित्रे नेणारे व्यावसायिकही आकार बदलता येणाऱ्या पेट्या भाड्याने देतात, त्यामागे हाच हिशेब आहे.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप रिकाम्या पेटीच्या परतीचा आहे. हवाई कुरियर प्रत्यक्ष वजन किंवा आकारमानाचे वजन, यातले जे जास्त असेल त्याचे पैसे घेतो. आकारमानाचे वजन म्हणजे लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार भागिले 5000. क्वाडच्या जोडीसाठी 110 बाय 85 बाय 110 सेंटीमीटरची पेटी धरली, तर ते 206 किलो भरते. प्रत्यक्ष वजन मात्र त्याच्या अर्ध्याच्या आसपास. तेवढेच पैसे नुसत्या हवेसाठी परतीला मोजायचे असतील, तर सगळी योजनाच कोसळते. म्हणून पेटी सुटी होणारी हवी. सहा बाजू एकावर एक ठेवून, समोरासमोरच्या फोमच्या पट्ट्या एकमेकींच्या खाचांत बसतील अशी आखणी केली, तर गठ्ठा 35 सेंटीमीटर उंचीत मावतो आणि हिशेब 85 किलोंवर येतो. त्याहून बरे म्हणजे पेटी परत पाठवायचीच नाही. जिथे ती उतरली त्याच शहरातून किंवा शेजारून पुढची जोडी तिच्यात चढवायची. यासाठी थोडे थांबावे लागते. पन्नास-साठ वर्षे टिकलेल्या स्पीकरसाठी काही आठवडे थांबणे मला जास्त वाटत नाही.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. पेटी सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही, असे होणार नाही का? होऊ शकते, आणि केवळ सद्भावनेवर चालणाऱ्या योजना अशाच बंद पडतात. पण सामाईक वस्तू नीट वापरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गावाच्या किंवा मंडळाच्या पंगतीच्या भांड्यांना एक वही असते, नेताना मोजणी होते, आणताना मोजणी होते, पोचा आला तर नेणारा भरून देतो. पेटीलाही तेवढेच हवे. एक सांभाळणारा, एक नोंदवही, स्पीकरच्या किमतीला नव्हे तर पेटीच्या किमतीला पुरेल एवढी अनामत, आणि निघताना व पोचल्यावर त्याच त्या आठ-दहा बाजूंनी काढलेले फोटो. विम्याचा दावा करायचा झाला, तर हीच कागदपत्रे कामी येतात. घरी भरलेल्या खोक्याबाबत पॅकिंगच अपुरे होते, असे म्हणून दावा नाकारला जाण्याचा धोका कायम असतो. अनेक फेऱ्यांची नोंद असलेल्या पेटीबाबत तसे म्हणणे अवघड होते.

वापरून वापरून पेटीच कमकुवत होणार, हा आक्षेप खरा आहे. फोम थकतो, प्लायच्या कडा फुगतात. म्हणून फोम हा बदलायचाच भाग मानून तो बोल्टच्या पट्टीखाली बसवावा, चिकटवू नये. परदेशी प्रवासात लाकडाचा कायदाही सांभाळावा लागतो. भरीव लाकडातून किडी जाऊ नयेत म्हणून ‘इस्पम 15’ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार ते सहसा गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला सलग 30 मिनिटे तापवून त्यावर शिक्का मारावा लागतो. प्लायवूडला यातून सूट आहे, पण धावांना आणि पट्ट्यांना नाही. दुरुस्तीत शिक्का नसलेली एक फळी ठोकली, तर सगळी पेटी बंदरात अडकू शकते. तात्पुरत्या आयातीविषयीच्या 1990 च्या इस्तंबूल करारातल्या एका परिशिष्टात परत जाणाऱ्या पॅकिंगचाही समावेश आहे. ज्या देशाने ते स्वीकारले आहे तिथे पेटीवरच्या शुल्काचा प्रश्न सुटू शकतो.

उरतो तो मूळ प्रश्न. एवढा खटाटोप कशाला, जवळपास मिळेल तोच स्पीकर घ्यावा. नेहमीच्या वापरासाठी हा सल्ला योग्यच आहे. पण ज्या यंत्राचे उत्पादन थांबून चार दशके झाली, त्याचा प्रत्येक फुटलेला नग संख्येतून कायमचा वजा होतो. पॅनल नव्याने बांधणारे कारागीर थोडे आहेत आणि ते सगळीकडे नाहीत. स्पीकर त्यांच्यापर्यंत पोचवता आला नाही, तर त्यांचे कौशल्यही वापराविना राहते. म्हणून एखाद्या मॉडेलच्या मालकांनी एकत्र येऊन पहिली गोष्ट करावी ती ही, की एक पेटी नीट बांधावी, तिचे आराखडे सर्वांना खुले ठेवावेत आणि प्रत्येक फेरीनंतर काय बिघडले ते लिहावे. एका माणसाला जे ज्ञान आपला स्पीकर फोडून मिळते, ते त्या वहीतून पुढच्याला काही न फोडता मिळते. जुनी यंत्रे टिकवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला दिसत नाही.