हृदयाचे अदृश्य पहारेकरी

काही वर्षांपूर्वी मार्चअखेरच्या धावपळीत आमच्या शाखेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय अवघे सेहेचाळीस. धूम्रपान नाही, मधुमेह नाही, कोलेस्टेरॉलही मर्यादेत. वेळीच उपचार मिळाल्याने ते बचावले. मात्र तपासताना डॉक्टरांनी विचारलेला एक प्रश्न आम्हा सर्वांनाच चमत्कारिक वाटला : "आमवात किती वर्षांपासून आहे?" बोटांच्या सांध्यांचा आणि हृदयाचा संबंध काय? या कुतूहलातूनच प्रस्तुत लेखाचा जन्म झाला.

हा संबंध जोडणारा दुवा म्हणजे आपली रोगप्रतिकारशक्ती. शरीरात शिरलेल्या जंतूला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे, अर्थात अँटिबॉडीज. १८९० साली बेरिंग व किटासाटो या शास्त्रज्ञांनी घटसर्प आणि धनुर्वात यांच्या विषांना निष्प्रभ करणारा घटक रक्तद्रवात असल्याचे दाखवून दिले आणि या शास्त्राचा पाया घातला गेला. प्रतिपिंडांचे काम आपल्या बँकेतील सही पडताळणीसारखे असते. जंतूच्या पृष्ठभागावरील विशिष्ट आकार ही त्याची 'नमुना सही'. ती जुळली की प्रतिपिंड त्याला पकडते. परंतु दोन सह्या एकसारख्या असल्या तर?

आपल्या देशात आजही आढळणारा ऱ्हुमॅटिक हृदयरोग हे या गफलतीचे ठळक उदाहरण होय. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंमुळे मुलांचा घसा दुखतो, ताप येतो. चार दिवसांत बरे वाटते आणि घरातील मंडळी ते विसरूनही जातात. मात्र या जंतूवरील एका प्रथिनाची ठेवण हृदयाच्या ऊतींशी मिळतीजुळती असते. त्यामुळे काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी प्रतिपिंडे व संरक्षक पेशी स्वतःच्याच हृदयावर चालून जातात. पाच ते पंधरा हे वय विशेष जोखमीचे. ताप, एकामागून एक सुजणारे मोठे सांधे ही त्याची लक्षणे. सांधे पूर्ववत होतात, पण हृदयाची झडप, बहुधा डावीकडील मायट्रल झडप, कायमची जायबंदी होऊ शकते. अनेक स्त्रियांना तर हा आजार प्रथम गरोदरपणी, धाप लागू लागल्यावर कळतो. स्ट्रेप्टोकोकसमुळे दुखणाऱ्या घशावर वेळीच पेनिसिलिन दिले, तर हे सारे टळू शकते. एकदा हा ताप येऊन गेलेल्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. ते मध्येच थांबवणे धोक्याचे ठरते.

गंमत अशी की सह्यांचे हेच साम्य कधी उपकारकही ठरते. धमनीच्या भिंतीत अडकलेले एलडीएल कोलेस्टेरॉल ऑक्सिजनच्या क्रियेने बिघडते, तेव्हा त्यावर फॉस्फोरिलकोलीन नावाचा रेणू उघडा पडतो. न्यूमोनियाच्या जंतूवरही हाच रेणू असतो. त्यामुळे या रेणूविरुद्धची प्रतिपिंडे बिघडलेल्या कोलेस्टेरॉललाही पकडतात. स्टॉकहोममधील साठ वर्षे वयाच्या नागरिकांच्या अभ्यासात, ही प्रतिपिंडे कमी असलेल्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. अर्थात ही चाचणी अद्याप नेहमीच्या तपासणीचा भाग नाही.

आता सहकाऱ्यांच्या आमवाताकडे वळू. या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते आणि दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. त्याची झळ धमन्यांनाही लागते. म्हणूनच अशा रुग्णांचा हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट मानला जातो.

मग हा दाहच शमवला तर? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पूर्वी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. त्यांपैकी अनेकांना कॅनाकिनुमॅब हे प्रयोगशाळेत तयार केलेले प्रतिपिंड देण्यात आले. कोलेस्टेरॉल कमी न होताही, औषधाच्या एका मात्रेने झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र प्राणघातक जंतुसंसर्ग किंचित वाढले. पहारेकऱ्याचे हात बांधले की चोराचे फावते, हेच खरे!

तात्पर्य, मुलांच्या घसादुखीकडे दुर्लक्ष करू नये. आमवात किंवा ल्यूपस असणाऱ्यांनी सांध्यांबरोबर रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांचीही नियमित तपासणी करावी आणि औषधे स्वतःच्या मर्जीने बंद करू नयेत. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना आपला जुना आजार आवर्जून सांगावा.

आमचे ते सहकारी आज पुन्हा काउंटरवर हसतमुखाने बसतात. "इतकी वर्षे फक्त बोटांकडे पाहत राहिलो," असे ते म्हणतात. बचत खात्याचे पासबुक आपण वेळोवेळी भरून घेतो. आरोग्याच्या नोंदींकडेही तितक्याच दक्षतेने पाहूया!