भाताच्या कोठारातला डोंगर

कंबोडियात बात्तंबांगहून पैलिनकडे जाणाऱ्या रस्त्याने बारा-तेरा किलोमीटर गेलं की सपाट भातशेतीतून चुनखडीचा एक डोंगर एकदम वर उठतो. हा फ्नॉम सांपौ. अंगकोरवाट पाहून परतणाऱ्यांपैकी थोडेच इथवर पोहोचतात आणि त्यांतलेही बरेचसे येतात ते वटवाघळांसाठी. सूर्य कलला की पायथ्याच्या गुहेतून लाखो वटवाघळं बाहेर पडतात, त्यांची काळी रेघ कितीतरी वेळ आभाळात सरकत राहते. ही जात भातावरच्या पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्यांवर ताव मारते, असं थायलंडमधल्या अभ्यासांत दिसलंय. कोकणातल्या शेतकऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. पण वटवाघळांसाठी जायचं असलं तरी दुपारीच पोहोचावं आणि आधी डोंगर चढावा.

वर जायला पायऱ्या आहेत, मोटरसायकलवाल्यांसाठी सिमेंटचा रस्ताही आहे. माथ्यावर विहार, सोनेरी कळस आणि हातातली पिशवी हमखास ओढणारी माकडं. खाली नजर पोहोचेल तिथवर भातखाचरं. बात्तंबांग म्हणजे कंबोडियाचं भाताचं कोठार. हे दृश्य नीट बघून घ्यावं, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि शहरंच्या शहरं रिकामी केली. लाखो माणसं या वायव्य भागात शेतीला जुंपली. हेक्टरी तीन टन भात, हे १९७६च्या आराखड्यातलं फर्मान. तेवढं पिकलं नाही. तरी कागदावर पिकवलं गेलं, धान्य उचललं गेलं आणि पिकवणारे पेजेवर मेले. धर्मावर बंदी आली, भिक्षूंची चीवरं उतरवली गेली. या डोंगरावरच्या विहाराचा तुरुंग झाला.

विहारापासून थोडं खाली उतरलं की दुसरी एक गुहा लागते. छताला एक भोक आहे, त्यातून उजेड थेट आत पडतो. कैद्यांना त्या भोकाच्या काठावर आणून मारत आणि खाली ढकलत. आज तिथे उतरायला जिना आहे. तळाशी पहुडलेला सोनेरी बुद्ध आणि शेजारी काचेच्या कपाटात कवट्या नि हाडं. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजांनी राजवट उलथवली, तोवर देशात सुमारे १७ लाख माणसं मेली होती. लढाई मात्र थांबली नाही. नव्वदच्या दशकातही सरकारी फौजा समोरच्या फ्नॉम क्रपौ डोंगरावरच्या ख्मेर रूजवर इथूनच तोफा डागत होत्या.

आपल्या पितृपक्षाच्याच सुमारास कंबोडियात प्चुम बेन असतो, पंधरा दिवसांचा. पहाटेच्या काळोखात बायाबापड्या विहाराभोवती भाताचे गोळे टाकतात. उपाशी पितर सात विहारांत आपल्या माणसांचं अन्न शोधत फिरतात, अशी श्रद्धा. भाताच्या कोठारात उपासमारीने मेलेल्यांना भाताचेच पिंड! आणि ज्यांचं घरच्या घर संपलं, त्यांच्या नावाने कोण टाकणार?

हाडांचं काय करायचं, यावर तिथे बराच वाद झाला. ख्मेर बौद्धांत दहनाची रीत. अग्नी द्या, म्हणजे ते सुटतील, असं राजे सिहानूक यांचं म्हणणं. सरकारने २००१ मध्ये उलट अस्थी जपण्याचा हुकूम काढला, पुरावा म्हणून. मला सरकारचं तेव्हाचं म्हणणं पटतं. ख्मेर रूजच्या नेत्यांवर खटला उभा राहायचा होता. पण तो २०२२ मध्ये संपला. त्यांचा म्होरक्या पोल पॉट १९९८ मध्येच मेला होता. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चाललेल्या न्यायालयाने दोषी ठरवले ते तीनच जण. मग २०२५ मध्ये युनेस्कोने तुओल स्लेंग, चोएंग एक आणि एम-१३ ही ख्मेर रूजच्या अत्याचारांची तीन ठिकाणं जागतिक वारशात घेतली. फ्नॉम सांपौ त्यांत नाही. कवट्या अजून काचेमागे आहेत आणि पुरावा कुठल्या खटल्याचा, हे आता सरकारलाच विचारायला हवं.