चंद्याचा हिसाब मोबाइलवर : सॉफ्टवेअर घेण्याआधी कमिटीने काय पाहावं?

रमजान जवळ आला की कमिटीच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. "भाई, किती दिवस पावती बुक फाडत बसायचं? एखादं सॉफ्टवेअरच घेऊन टाकू." पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावीही आता नागपूर-पुण्याला, आखातात गेलेल्या मुलांचे पैसे फोनवर येतात. नोंद मात्र तीन ठिकाणी राहते : पावती बुकात, खजिनदाराच्या डायरीत आणि कुणाच्या तरी स्वतःच्या फोनपेवर. ईदनंतर या तिघांचा मेळ बसत नाही. कुणी खाल्लेलं नसतं, पण शंका येते. आणि एकदा शंका आली की पुढच्या वर्षी चंदा घटतो.

सॉफ्टवेअर हा त्यावर अर्धा इलाज आहे. उरलेला अर्धा आपल्यालाच करावा लागतो.

आधी मदी ठरवा

२०२० च्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकातीतून ३६ लाख रुपये जमवून तिथल्या आयजीएम रुग्णालयाला आयसीयूसाठी दिले. जकात अशी वापरावी का, यावर आलिमांचं मत घ्यावं. पण पैसा कशासाठी आला आणि कुठे गेला, हे तिथे एका वाक्यात सांगता येतं. आपल्या कमिटीलाही हेच सांगता आलं पाहिजे.

जकात ठरलेल्या आठ हकदारांचीच. ती मस्जिदीच्या रंगाला किंवा पंख्याला चालत नाही. फितरा ईदच्या नमाजआधी पोहोचायला हवा. लिल्लाह, सदका, बांधकाम यांचे खाते वेगळे. कुणी बँकेचं व्याज आणून देतो, त्याचीही वेगळी मद लागते.

म्हणून डेमो दाखवायला माणूस आला की पहिलं हेच सांगा : "जकातीतले ५०० रुपये बांधकामात टाकून दाखवा." सॉफ्टवेअरने ते मुकाट्याने टाकले आणि कुणी, कधी टाकले याची नोंदही ठेवली नाही, तर ते आपल्या कामाचं नाही.

फी कोण भरणार?

यूपीआयवर २०२० पासून व्यापारी शुल्क शून्य आहे. पण वेबसाइटवर कार्डाने पैसे घेतले तर मधली कंपनी साधारण २ टक्के फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापते. म्हणजे १०,००० रुपयांच्या जकातीतून २३६ रुपये रस्त्यातच गेले. ही फी लिल्लाहच्या मदीतून भरायची का, हे आलिमांना आधीच विचारून ठेवा. क्यूआर कोड मात्र संस्थेच्या बँक खात्याचाच असावा, कुणा मेंबरचा नको.

करसवलतीच्या पावतीला भुलू नका

"आमचं सॉफ्टवेअर ८०जीची पावती देतं," असं विकणारे सांगतात. पण ही सवलत सॉफ्टवेअर देत नाही, आयकर खातं देतं. एकाच धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठी असलेल्या संस्थेला ती साधारणपणे मिळत नाही. सर्व समाजांसाठी दवाखाना किंवा अभ्यासिका चालवणाऱ्या ट्रस्टला मिळू शकते. अशा ट्रस्टने २०२१-२२ या आर्थिक वर्षापासूनच्या देणगीदारांची यादी आयकर खात्याला कळवायची असते. म्हणून पॅन नंबर नोंदवायची सोय पाहा. २,००० रुपयांवर रोख दिली तर देणाऱ्याला सवलत नाही, हेही पावतीवर छापा.

परदेशातले नातेवाईक

दुबईत नोकरी करणारा भाचा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या चुलत्याचे १०० डॉलरसुद्धा एफसीआरए परवानगीशिवाय घेता येत नाहीत. तेव्हा देणाऱ्याचं नागरिकत्व विचारणारा रकाना फॉर्ममध्ये हवाच.

घेणाऱ्याची इज्जत

देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याचं नाव जास्त जपावं लागतं. जकात घेणाऱ्या बेवा बहिणीचं नाव, आधार, फोन प्रत्येक मेंबरच्या मोबाइलवर दिसत असेल, तर आपण मदत नाही, बदनामी वाटतोय. कुणाला काय दिसेल हे ठरवता आलं पाहिजे. ही यादी दोनच जबाबदार माणसांकडे असावी.

मग घ्यायचं काय?

देणगीदार शंभर-दीडशे असतील तर विकत काही घेऊ नका. गुगल शीट, नंबर असलेली पावती आणि दर महिन्याला बँक स्टेटमेंटशी मेळ, एवढं पुरे. ट्रस्टचं ऑडिट होत असेल तर टॅली बरं, कारण ते सीएला आणि हिसाबनीसाला येतं. एखाद्या मुलीच्या ऑपरेशनसाठी एकदाच पैसे उभे करायचे असतील तर मिलाप, केटोसारखे प्लॅटफॉर्म आहेत, फी विचारून घ्या. सिव्हीसीआरएम फुकट आहे, पण ते बसवायला आणि सांभाळायला जाणकार लागतो. तो पोरगा उद्या नोकरीला पुण्याला गेला तर काय, हे आधी विचारा.

काहीही घेतलं तरी एक अट सोडू नका : सगळी नोंद एक्सेलमध्ये बाहेर काढता आली पाहिजे. कंपनी बंद पडली किंवा खजिनदार बदलला, तरी हिसाब जमातीकडेच राहायला हवा.

आणि ईदनंतरच्या पहिल्या जुम्म्याला एक कागद मस्जिदीच्या दाराशी लावा : कोणत्या मदीत किती आले, किती गेले, किती उरले. घेणाऱ्यांची नावं नकोत, आकडे हवेत. हा कागद दहा मिनिटांत निघत असेल तर सॉफ्टवेअर बरोबर घेतलं, असं समजा. हा पैसा अमानत आहे, आणि त्याचा हिसाब आपल्याला दोन ठिकाणी द्यायचा आहे.