बोंडातील दावेदार

जालना जिल्ह्यात दुधना आणि गोदावरी यांच्या दरम्यान पसरलेल्या काळ्या जमिनीत मृगाच्या पावसावर सरकी टोबली गेली, की कागदोपत्री त्या शेताचा मालक एकच असतो. सातबाऱ्यावर त्याचेच नाव असते आणि पीकपाहणीत त्याच्याच कापसाची नोंद होते. परंतु पहिल्या पानापासून शेवटच्या वेचणीपर्यंत त्या शेतावर वहिवाट सांगणारे जीव असंख्य असतात, आणि त्यांच्या आपापसांतील कलहांवर व तडजोडींवरच मालकाच्या पदरात पडणारे पीक पुष्कळ अंशी अवलंबून असते.

कापसाचे पान उलटून पाहावे. मधल्या शिरेवर एक बारीक खोलगट ग्रंथी दिसते आणि तिच्यातून गोड रस पाझरतो. फुलातील मध परागीकरणासाठी असतो. पानावरचा हा मध मात्र मुंग्या, परोपजीवी गांधीलमाश्या आणि इतर शिकारी कीटक झाडावर वावरावेत म्हणून दिलेला मेहनताना असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. तथापि मुंगी ही निष्ठावान चाकर नव्हे. मावा आणि पिठ्या ढेकूण हे रसशोषक किडे अंगावाटे चिकट गोड द्रव सोडतात. तो मिळू लागला, की झाडाचा मध खाणारी तीच मुंगी झाडाच्या शत्रूंची राखण करू लागते आणि त्यांना खायला आलेल्या ढालकिड्याला हुसकावून लावते. शत्रू कोण आणि मित्र कोण, याचा निवाडा या शेतात कायमचा असा कधीच होत नाही.

गाउझे या रशियन शास्त्रज्ञाने 1934 मध्ये आपल्या प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच अन्नावर एकाच रीतीने जगणाऱ्या दोन सूक्ष्मजीवांच्या जाती एका नळीत ठेवल्या, तर कालांतराने एक उरते आणि दुसरी नामशेष होते, असे त्याला आढळले. शेत ही काही काचेची नळी नव्हे. तेथे स्थळ, काळ आणि अन्न यांची वाटणी करून प्रतिस्पर्धी नांदू शकतात. कापसावरील बोंडअळ्यांतही अशीच वाटणी आहे. हिरवी अळी हंगामाच्या मध्यावर येते, एका बोंडातून दुसऱ्या बोंडात जाते, आणि कापूस संपला तर तूर, हरभरा यांवर आपला संसार हलवते. प्रसंगी ती स्वजातीयांनाही खाते. गुलाबी अळी एकांतप्रिय आहे. ती कोवळ्या बोंडात शिरते, प्रवेशाचे छिद्र बुजून जाते, आणि सरकी पोखरून ती बाहेर पडेपर्यंत धन्याला पत्ताही लागत नाही. फुलात शिरली, तर पाकळ्या गुंफून त्याची डोमकळी करते, एवढीच काय ती उघड निशाणी. आणि मुख्य भेद असा, की कापसावाचून तिचे जवळजवळ चालतच नाही.

या भेदाचे महत्त्व 2002 नंतर उमगले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात हिरव्या अळीने फवाऱ्यांना दाद देणे सोडले होते. 2002 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने बीटी कापसाला मंजुरी दिली, आणि ते बियाणे 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात स्थापन केलेल्या महिकोचे होते. झाडाच्या अंगीच अळीला मारक असे प्रथिन आल्यावर हिरवी अळी कापसातून जवळपास बेदखल झाली. तिच्यातील काही पतंगांत प्रतिकारशक्ती निपजलीही असेल. पण शेजारच्या तुरीत आणि हरभऱ्यात, जिथे हे विष नव्हते, तिथे वाढलेले असंख्य साधे पतंग त्यांच्याशी समागम करीत आणि ती शक्ती विरून जाई. म्हणजे तूर पेरणारा शेतकरी नकळत कापसाचेही रक्षण करीत होता.

गुलाबी अळीला असे दुसरे घर नव्हते. तिच्यासाठी शेताच्या कडेने साध्या कापसाच्या ओळी लावण्याचा नियम होता आणि त्यासाठी वेगळे बियाणेही पिशवीसोबत येत असे, परंतु त्या ओळी सर्रास लावल्या गेल्या नाहीत. ज्या ओळी अळीला खायला घालण्यासाठीच लावायच्या, त्यांच्यासाठी जमीन देणे कोरडवाहू माणसाला जड गेले, यात नवल नाही. शिवाय संकरित झाडाच्या बोंडातील काही सरक्यांत विष असते, काहींत नसते; त्या कुरतडताना अळीला अपुरी मात्रा मिळते. परिणामी गुजरातेत प्रथम आढळलेली प्रतिकारक्षम गुलाबी अळी पुढे बियाण्यात नंतर घातलेल्या दुसऱ्या विषालाही पुरून उरली, आणि 2017 च्या हंगामात मराठवाडा व विदर्भ यांतील कापसाची अपरिमित हानी झाली.

मधल्या काळात रिकाम्या जागेवर आणखी एक दावेदार आला. 2005 नंतर पिठ्या ढेकूण हा परदेशी किडा उत्तर भारतापासून महाराष्ट्रापर्यंत पसरला. मेणाचे कवच असल्यामुळे फवारा त्याला नीट भिडत नसे; बांधावर पसरलेले गाजरगवत, जे स्वतःही परदेशातूनच आलेले, त्याला आश्रय देई. त्याला आवर घातला तो एका चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाशीने, जी त्याच्या अंगात अंडे घालते आणि जिची अळी त्याला आतून खाऊन टाकते. ही माशी कोणी मागवली नव्हती. ती 2008 मध्ये दिल्लीत आढळली आणि त्यानंतर तिला बांबावाले या कीटकशास्त्रज्ञांचे नाव देण्यात आले. विनाकारण फवारणी केली असती, तर ढेकणाआधी तीच मेली असती.

गुलाबी अळीविरुद्ध अशी आयती मदत अद्याप मिळालेली नाही. तिच्या बाबतीत उपयोगी पडते ती मुदत. ही अळी सरकीत आणि जिनिंगमधील कच्च्या मालात सुप्तावस्थेत राहते, आणि पतंग बाहेर पडतात तेव्हा कापसाला फूलच नसेल, तर त्यांची प्रजा वाढत नाही. म्हणून डिसेंबर संपताच पऱ्हाट्या उपटाव्यात, त्याच झाडांवर पुन्हा बोंडे धरून फरदड घेऊ नये, मे महिन्यात लागवड करू नये, असे कृषी विद्यापीठ सांगते. अमेरिकेत बीटी कापूस, वंध्य पतंग सोडणे आणि हंगामानंतर झाडे गाडणे हे उपाय प्रदेशभर एकत्र राबवले गेले, आणि 2018 मध्ये तो देश या अळीपासून मुक्त जाहीर झाला. जालन्यात मात्र शिवार लहान लहान गटांत वाटलेले आहे. जानेवारीत विहिरीला पाणी असेल आणि भाव चढा असेल, तर आणखी एक वेचणी सोडून देणे कोणालाही अवघड जाते, आणि ज्याने आपल्या पऱ्हाट्या वेळेवर उपटल्या त्याच्या बोंडांतही पुढल्या पावसाळ्यात शेजारच्या गटातील फरदडीचे पतंग अंडी घालून जातात.