श्वानांमधील गुदग्रंथींचे विकार : स्वरूप, कारणे व उपाय

प्रस्तावना :
नाशिक रोडसारख्या उपनगरात सदनिकेत कुत्रा पाळणारी कुटुंबे आज सर्वत्र आढळतात. कुत्रा पार्श्वभाग फरशीवर घासू लागला, की ‘जंत झाले’ असे समजून जंतनाशक औषध दिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या शेजारच्या पॉमेरेनियनला असे औषध दोनदा देण्यात आले. तिसऱ्या आठवड्यात गुदद्वाराजवळचे गळू फुटले. जंत हेही एक कारण असू शकते. परंतु या लक्षणामागे अनेकदा गुदग्रंथींचा विकार असतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रचना व कार्य :
गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातील चार व आठ या अंकांच्या जागी, दोन लहान पिशव्या असतात. त्यांत उग्र वासाचा स्राव साठतो. घट्ट मल बाहेर पडताना त्यांवर दाब येऊन हा स्राव बाहेर टाकला जातो. या गंधावरून कुत्रे परस्परांना ओळखतात.

विकाराची कारणे व टप्पे :
मल सैल असल्यास पुरेसा दाब पडत नाही व स्राव साठून घट्ट होतो. आपल्याकडे कुत्र्यास दूध-पोळी घालण्याची रीत आहे. परंतु अनेक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही व मल पातळ होतो. त्वचेची अॅलर्जी व स्थूलता हीदेखील कारणे होत. साठलेल्या स्रावात जंतुसंसर्ग झाल्यास सूज, वेदना व शेवटी गळू असे टप्पे येतात. क्वचित तेथे कर्करोगही उद्भवतो. ब्रिटनमधील श्वानांच्या 2013 मधील नोंदींवर आधारित व 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, वर्षभरात सुमारे 4.4 टक्के श्वानांत हा विकार आढळला.

उपाय :
पार्श्वभाग सतत चाटणे, शेपटीच्या मुळाशी चावणे, मासळीसारखा वास व मलविसर्जनाच्या वेळी वेदना ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. पशुवैद्यक पिशव्या दाबून रिकाम्या करतात. संसर्ग असल्यास त्या धुऊन औषध देतात. विकार वारंवार उद्भवल्यास शस्त्रक्रियेने पिशव्या काढता येतात. मात्र त्यात मलावरील नियंत्रण जाण्याचा धोका संभवतो. लक्षणे नसताना पिशव्या दाबणे अनावश्यक होय.

समारोप :
सारांश, आहारात तंतुमय घटक, वजनावर नियंत्रण व मलाचे निरीक्षण यांमुळे हा विकार बऱ्याच अंशी टाळता येतो. मुक्या प्राण्याला वेदना सांगता येत नाही. म्हणून त्याचे वर्तन समजून घेणे हे पालकाचे कर्तव्य ठरते.