विश्लेषण : फुप्फुसातील रक्ताची गुठळी डॉक्टर कशी ओळखतात?

अचानक धाप लागते, खोल श्वास घेतला की छातीत कळ येते, नाडी जलद चालते. हीच लक्षणे हृदयविकार किंवा न्यूमोनियातही दिसतात. त्यामुळे फुप्फुसातील रक्ताची गुठळी, म्हणजेच ‘पल्मनरी एम्बोलिझम’, अनेकदा नजरेतून सुटते.

गुठळी येते कुठून?
बहुतेकदा पायातील खोल शिरांमधून. शस्त्रक्रिया, प्लास्टर, कर्करोग किंवा बाळंतपणानंतर तेथे रक्त गोठू शकते. त्याचा तुकडा सुटून हृदयामार्गे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकतो.

निदानाची सुरुवात कशी होते?
एका पायाला सूज, गेल्या ४ आठवड्यांतील शस्त्रक्रिया, १००च्या वर गेलेली नाडी अशा बाबींना ‘वेल्स स्कोअर’मध्ये गुण दिले जातात. बेरीज ४ पेक्षा जास्त असल्यास सहसा थेट सीटी स्कॅन केला जातो.

डी-डायमर कशासाठी?
करोनाकाळात परिचित झालेली ही रक्तचाचणी गुठळी ‘नाही’ हे ठरवण्यास उपयोगी पडते. गुण कमी आणि डी-डायमर सामान्य असेल, तर शक्यता जवळपास संपते. मात्र संसर्ग, गर्भावस्था, वाढते वय यांमुळेही डी-डायमर वाढतो.

शिक्कामोर्तब कशाने?
शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन केलेल्या सीटी अँजिओग्राफीने. मूत्रपिंड कमकुवत असल्यास व्ही-क्यू स्कॅन किंवा पायांच्या डॉपलरचा आधार घेतात. केवळ छातीचा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. शंका दाट असेल आणि रक्तस्रावाचा मोठा धोका नसेल, तर अहवालाची वाट न पाहता रक्त पातळ करणारे औषध सुरू केले जाते.