पायाला चाकं, पण सरळ हवीत!

दोस्तांनो, आपल्या छत्रपती संभाजीनगरात बर्फ काही पडत नाही. पडल्याच तर वळवाच्या गारा, त्याही ताटलीत गोळा करेपर्यंत विरघळून जातात! त्यामुळे बर्फावरून घसरण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, आपण टीव्हीवरच बघायचं. काश्मीरमधल्या गुलमर्गला किंवा उत्तराखंडातल्या औलीला गेलात तर मात्र लांबलचक पट्ट्या पायाला बांधून सर्रकन उतरणारी मुलं दिसतील. काश्मीरचा आरिफ खान हा खेळ खेळत २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकपर्यंत पोहोचला.

आता एक प्रश्न. ती लांब पट्टी बुटाला चिकटते कशी? मध्ये एक जोडणी असते. तिला म्हणतात ‘बाइंडिंग’. पुढे चवड्याला धरणारा एक भाग, मागे टाचेला धरणारा दुसरा. ती बसवायला पट्टीत साधारण ९ मिलिमीटर खोल भोकं पाडतात. ड्रिल जरा जास्त आत गेलं, की पट्टी आरपार! म्हणून ड्रिलला अडसर लावलेला असतो. शिवाय या जोडणीला दोन उलटी कामं करावी लागतात. खेळताना पाय घट्ट धरायचा आणि खेळाडू वेडावाकडा पडला, की चटकन सोडून द्यायचा. नाहीतर पट्टीबरोबर पायही पिळवटतो. किती जोर आल्यावर सोडायचं, हे खेळाडूचं वजन, उंची, वय, त्याचं कसब आणि बुटाच्या तळव्याची लांबी बघून ठरवतात आणि यंत्रावर तपासतात. भोकं पाडणारे हौशी लोक आहेत, पण ही शेवटची तपासणी घरी होत नाही.

‘पण याचं आम्हाला काय?’ असं म्हणाल. अहो, हीच करामत तुमच्या माळ्यावर पडून आहे! रोलर स्केट्स!

आरशात घुसलेला पाहुणा

चाकांचे बूट जुनेच. सतराशे साठच्या दशकात लंडनमध्ये जोसेफ मर्लिन नावाचा एक कारागीर होता. एका मेजवानीत तो पायाला चाकं लावून, व्हायोलिन वाजवत आला, आणि वळता-थांबता न आल्यामुळे थेट एका मोठ्या आरशावर आदळला, असं सांगतात! वळण्याची युक्ती सापडली ती १८६३ मध्ये. अमेरिकेच्या जेम्स प्लिम्प्टनने चाकांच्या आसाजवळ रबराची गादी बसवली. ज्या बाजूला झुकाल, त्या बाजूला आस वळतो. तुमच्या चार चाकी स्केट्समध्ये आजही तीच गादी आहे. स्केट उलटे धरून बघा.

या खेळात आपली मुलं मागे नाहीत. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २ ऑक्टोबर २०२३ या एकाच दिवशी भारताच्या मुलींच्या आणि मुलांच्या अशा दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदकं मिळवली. त्या मुलांच्या संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. त्याच संघातला आनंदकुमार वेलकुमार २०२५ मध्ये १००० मीटरचा विश्वविजेता झाला.

बूट लहान झाला, प्लेट नाही

आई-बाबा, हा भाग तुम्हीही वाचा. मुलांचा पाय वाढतो, बूट आखूड होतो. पण खालची धातूची प्लेट, आस आणि चाकं ठणठणीत असतात. सगळा जोड भंगारात कशाला? बूट नट-बोल्टने बसवलेला असेल, तर तीच प्लेट नव्या बुटाला लावता येते. (रिव्हेट मारलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या स्केट्सना हात लावू नका.) चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांनी वाढलेलं आपलं शहर. घरात नाही तर शेजारी, नट-बोल्टची पारख असलेला एखादा काका सापडतोच. त्याला चहाला बोलवा!

साहित्य : पाने, स्क्रू ड्रायव्हर, पट्टी, पेन्सिल, कागदी चिकटपट्टी, मोच्याची आरी, ड्रिल, चपट्या डोक्याचे नवे बोल्ट, वायसर आणि नायलॉनची कडी असलेले नट. हे नट धक्क्यांनी सहज सैल होत नाहीत.

कृती :

१. बुटातली गादी काढा. तळव्यावर चिकटपट्टी लावा. टाचेचा मध्य आणि चवड्याच्या सर्वांत रुंद भागाचा मध्य मोजून खूण करा. दोन्ही खुणा सरळ रेषेने जोडा. सगळं काम या रेषेवर अवलंबून आहे.

२. प्लेट रेषेवर ठेवा. पुढचा आस चवड्याखाली आणि मागचा टाचेखाली यायला हवा. पाय फारच वाढला असेल आणि आस जागेवर येत नसतील, तर ही प्लेट आता धाकट्या भावंडाची! ओढाताण करू नका.

३. सगळी भोकं एकदम पाडायची नाहीत. पुढे एक, मागे एक, बस्स. आधी आरीने टोचा, म्हणजे ड्रिल घसरणार नाही. ड्रिल मोठ्या माणसानेच चालवायचं. बुटाच्या आत लाकडाचा तुकडा धरायचा, हात नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच.

४. दोन बोल्ट लावून बूट घाला आणि भिंतीला धरून उभे राहा. घोटा आत किंवा बाहेर कलतोय का, आईला मागून बघायला सांगा. कलत असेल तर रेषा पुन्हा तपासा. सरळ असेल तरच उरलेली भोकं पाडा.

५. बोल्टचं डोकं बुटाच्या आत, नट खाली. मोटारीचं चाक बसवताना मेकॅनिक समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळतो ना, तसंच करा. बाहेर आलेलं टोक चाकाला लागत असेल तर कापून घासून घ्या. गादी परत घाला. आतून काही टोचता कामा नये.

एवढी काळजी कशासाठी? रेषा जरा तिरकी झाली तर स्केट एका बाजूला ओढतं. मूल पायाने ते सावरत राहतं आणि घोटा-गुडघा दुखू लागतो. आणि आपण म्हणतो, ‘याला जमतच नाही!’ दोष मुलाचा नाही, भोकाचा असतो.

एका रांगेत चाकं असलेल्या इनलाइन स्केट्सचं काम सोपं. शर्यतीच्या बहुतेक बुटांना खाली दोनच बोल्ट असतात आणि त्यांच्या खाचा लांबट असतात. भोक पाडायला नको. घोटा आत कलत असेल तर चौकट किंचित आतल्या बाजूला सरकवा, बाहेर कलत असेल तर बाहेर. एका वेळी एक-दोन मिलिमीटर, जास्त नाही.

हे मात्र तुमचं तुम्ही करा

चाक काढा, बेअरिंग बघा. त्यावर ६०८ लिहिलं असेल तर आतलं भोक ८ मिलिमीटरचं, ६२७ असेल तर ७ मिलिमीटरचं. दोन्हींचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटरच, त्यामुळे दुकानात गफलत होते. जुनं बेअरिंग सोबत न्या. चाकाचा नट आधी आवळा, मग किंचित मागे फिरवा. चाक मोकळं गरगरलं पाहिजे, पण खडखडायला नको.

आता स्केट फरशीवर ठेवून हाताने ढकला. सरळ गेलं? शाब्बास! पहिल्या दिवशी अर्धा तासच खेळा आणि घरी आल्यावर सगळे नट पुन्हा आवळा. नवं चामडं दबतं, म्हणून ते सैल होतातच. त्यानंतर दर रविवारी एकदा. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घातल्याशिवाय मात्र उंबरठा ओलांडायचा नाही. आणि वाहनांच्या रस्त्यावर नाही, मैदानावरच!